जुनं सर्टिफिकेट रद्द करताना नवंही घालवलं, त्या दोन दिवसांची हकीकत

शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५, रात्रीचे साडेअकरा. एका पानावर विनाकारण गर्दी का होतेय हे बघायला मी सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग चाळत बसलो होतो. त्यात एक ओळ अशी दिसली की झोपच उडाली. तीन दिवसांपूर्वी कुणा अनोळखी पत्त्याने माझ्या साइटवरून एक बॅकअप फाइल मागितली होती आणि सर्व्हरने ती मुकाट्याने दिली होती. स्टेटस २००, म्हणजे मागणी पूर्ण, आणि पुढचा बाइट्सचा आकडा थेट त्या फाइलच्या आकाराइतका. म्हणजे पूर्ण उतरवून घेतलेली.

फाइल मीच तिथे ठेवली होती. ४ तारखेला सर्व्हरची आवराआवर करताना अख्ख्या ईटीसी डिरेक्टरीची, म्हणजे सर्व्हरच्या सगळ्या सेटिंगांच्या फोल्डरची, टार फाइल (सगळ्याचं एकच गाठोडं) केली, दुसऱ्या मशीनवर पटकन उतरवता यावी म्हणून वेबसाइटच्या फोल्डरमध्ये टाकली, आणि काढायची विसरलो. नाव असं, की कुठलाही बॉट पहिल्या दहा अंदाजांत ओळखेल. आत काय आहे ते टारची यादी काढून पाहिलं. लेट्स एन्क्रिप्ट ही साइटींना सर्टिफिकेटं, म्हणजे एचटीटीपीएससाठी लागणारी ओळखपत्रं, फुकट देणारी संस्था; तिचं सगळं फोल्डर होतं, प्रायव्हेट किल्ल्यांसकट, म्हणजे ती ओळखपत्रं आपलीच आहेत हे सिद्ध करणाऱ्या गुप्त फाइलींसकट. मूळ किल्ल्यांना परवानगी ६००, म्हणजे रूटशिवाय (सर्व्हरच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याशिवाय) कुणी वाचू शकत नाही. त्यांना पोटात घेऊन बसलेल्या टार फाइलला मात्र ६४४, म्हणजे कुणीही वाचा.

सर्टिफिकेट रद्द करण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. ज्यांच्यावर येईल त्यांना निदान क्रम कळावा म्हणून हे सगळं लिहितोय, माझी फजिती धरून. कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती अशी चालणार नाहीत, हे उघडच आहे.

पहिलं काम, ती फाइल वेबच्या फोल्डरमधून हलवली. पुसली नाही; एक प्रत माझ्या स्वतःच्या मशीनवर ठेवली, नेमकं काय काय बाहेर गेलं हे नंतर तपासता यावं म्हणून. या एका निर्णयाने दुसऱ्या दिवशी मला वाचवलं, पण तेव्हा ते माहीत नव्हतं.

मग घाबरण्याचं प्रमाण ठरवायला बसलो. किल्ली दुसऱ्याकडे गेली म्हणजे मागचं सगळं बोलणं उघडं पडलं का? तसं नाही. हल्लीच्या टीएलएसमध्ये, म्हणजे एचटीटीपीएसमागच्या गुप्त संवादाच्या पद्धतीत, प्रत्येक जोडणीसाठी तात्पुरत्या किल्ल्या वेगळ्या तयार होतात, त्यामुळे सर्टिफिकेटची किल्ली मिळाली तरी आधी टिपून ठेवलेली रहदारी त्यातून उलगडत नाही. धोका पुढचा आहे. ज्याच्याकडे किल्ली आणि सर्टिफिकेट दोन्ही आहेत, तो वाटेत कुठेतरी बसून माझ्या साइटचं सोंग घेऊ शकतो, आणि ब्राउझर त्याला कुलपाचं चिन्ह दाखवेल. सर्टिफिकेटची मुदत संपेपर्यंत किंवा ते रद्द होईपर्यंत.

त्या रात्री आणखी काही केलं नाही. पेंगुळलेल्या डोळ्यांनी रूट म्हणून कमांड देऊ नयेत, एवढी अक्कल मागच्या अपघातांनी दिली आहे.

शनिवारी सकाळी आधी मोजदाद. लेट्स एन्क्रिप्टकडून सर्टिफिकेटं आणणारा आणि त्यांचं नूतनीकरण करणारा प्रोग्रॅम म्हणजे सर्टबॉट. त्याची ‘सर्टबॉट सर्टिफिकेट्स’ ही कमांड सर्व्हरवर कुठली सर्टिफिकेटं आहेत, कुठल्या नावांसाठी, मुदत कधी संपते आणि फाइली कुठे आहेत ते सांगते. माझ्याकडे दोन निघाली. एक मुख्य साइटचं, २० सप्टेंबरला नूतनीकरण झालेलं, १९ डिसेंबरपर्यंत चालणारं. दुसरं जुन्या फोटोंच्या उपडोमेनचं. त्या साइटची डीएनएस नोंद (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी) मी कधीच काढून टाकली होती, त्यामुळे नूतनीकरण फसत राहिलं आणि सर्टिफिकेट ऑगस्टमध्येच संपलेलं. संपलेलं सर्टिफिकेट रद्द करायची गरज नसते, ते मेलेलंच आहे. ते फक्त डिस्कवरून काढायचं होतं.

इथे एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटलीच होती. सर्टबॉटच्या ‘लाइव्ह’ फोल्डरमध्ये ज्या फाइली दिसतात त्या खऱ्या फाइली नसून सिमलिंक, म्हणजे दुसरीकडे बोट दाखवणारे दुवे, असतात. खरा माल ‘आर्काइव्ह’मध्ये असतो, आणि तिथे आधीची सर्टिफिकेटं व त्यांच्या किल्ल्याही अनुक्रमांक लावून पडून असतात. माझ्याकडे सातव्यापर्यंत. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवस चालतं आणि सर्टबॉट ते ३० दिवस उरले असताना नवं करतो. म्हणजे नवं मिळाल्यावरही जुनं महिनाभर जिवंत असतं. सातवं तर चालू होतंच, पण २२ जुलैचं सहावंही २० ऑक्टोबरपर्यंत वैध होतं. ‘सर्टबॉट सर्टिफिकेट्स’ ते दाखवत नाही, कारण ती कमांड फक्त शेवटचं दाखवते. थोडक्यात, रद्द करायची सर्टिफिकेटं एक नसून दोन होती.

आणि तिसरी, सगळ्यात वाईट गोष्ट ‘अकाउंट्स’ फोल्डरमध्ये. लेट्स एन्क्रिप्टकडे आपलं जे खातं असतं त्याचीही एक किल्ली असते, आणि तीही त्या टारमध्ये होती. डोमेन माझंच आहे हे एकदा सिद्ध केलं की ती मंजुरी लेट्स एन्क्रिप्ट ३० दिवस लक्षात ठेवतं. माझी शेवटची मंजुरी २० सप्टेंबरची. म्हणजे खात्याची किल्ली असलेला माणूस माझ्या सर्व्हरला हातही न लावता माझ्या नावाचं ताजं सर्टिफिकेट मागू शकत होता, आणि मी जुनं रद्द करून निर्धास्त झोपलो असतो. आधी तसं घडून गेलंय का ते पाहिलं. दिलेली सगळी सर्टिफिकेटं सार्वजनिक नोंदवह्यांत चढतात, आणि सीआरटी डॉट एसएच या संकेतस्थळावर आपलं डोमेन टाकून ती शोधता येतात. यादीत सगळी माझीच होती. पहिला सुटकेचा श्वास तिथे टाकला.

आता ही सर्टिफिकेटं सर्व्हरवर कोण कोण वापरतंय ते शोधायचं. ईटीसीमध्ये ग्रेप (फाइलींतला मजकूर शोधणारी कमांड) चालवून ‘लेट्सएन्क्रिप्ट लाइव्ह’ हा रस्ता कुठल्या फाइलींत लिहिलाय ते पाहिलं. एनजिनएक्समध्ये, म्हणजे साइट दाखवणाऱ्या वेब सर्व्हरमध्ये, दोन जागा अपेक्षित होत्या. पोस्टफिक्स आणि डव्हकॉट, म्हणजे मेलचा सगळा कारभारही त्याच मुख्य सर्टिफिकेटावर चालतो, हे मी साफ विसरलो होतो. केवळ एनजिनएक्सचं फोल्डर तपासू नका, अख्खं ईटीसी तपासा.

नंतर सर्टबॉटचा टायमर थांबवला. दिवसातून दोनदा तो आपणहून जागा होतो आणि नूतनीकरणाची वेळ झाली का ते बघतो. आपण फाइली हलवत असताना तो मध्ये कडमडायला नको. तुमच्याकडे तो कुठल्या नावाने आहे ते ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स’मध्ये दिसेल, स्नॅप या पॅकेज पद्धतीने बसवलेल्या सर्टबॉटच्या टायमरचं नाव वेगळं असतं.

मग ‘सर्टबॉट अनरजिस्टर’. खातं कायमचं बंद करायचं का, असं तो विचारतो. पर्याय दोनच, बंद करा किंवा माघार घ्या. बंद केलं. लगेच ‘सर्टबॉट रजिस्टर’ करून नवं खातं काढलं. अटी मान्य, ईमेल द्यायचा असेल तर द्या. मुदत संपत आल्याचा इशारा देणारे मेल लेट्स एन्क्रिप्टने ४ जून २०२५ पासून बंद केले आहेत, त्यामुळे त्या आशेवर पत्ता देत असाल तर ती सोडा. या सगळ्याला पैसे काही पडत नाहीत, पाच मिनिटं लागतात.

आता नवं सर्टिफिकेट. क्रम महत्त्वाचा आहे: आधी नवं कुलूप दाराला लावायचं, मग जुनं रद्द करायचं. उलटं केलंत तर मधल्या वेळात तुमची साइट रद्द झालेलं सर्टिफिकेट दाखवत बसेल. सर्टिफिकेटचं तेच नाव ठेवून, मुदत बाकी असली तरी नवं द्या असं सर्टबॉटला बजावलं. मुद्दाम वेगळं सांगितलं नसेल तर तो दर वेळी नवी किल्लीच बनवतो, तरी रिन्यूअल फोल्डरमधल्या फाइलीत ‘रीयूज-की’ चालू नाही ना, हे बघून घ्या. तो चालू असेल तर नव्या सर्टिफिकेटालाही तीच चोरीला गेलेली किल्ली लागेल आणि सगळा खटाटोप पाण्यात. त्याच फाइलीत खात्याचीही एक ओळ असते, ती नव्या खात्याची झाली ना तेही पाहून घ्यावं.

आठवं सर्टिफिकेट आलं. एनजिनएक्स रीलोड केला, म्हणजे त्याला नव्या फाइली वाचायला लावल्या. पोस्टफिक्स, डव्हकॉट रीलोड केले. ‘ओपनएसएसएल एस-क्लायंट’ या तपासणीच्या कमांडने बाहेरून जोडून सर्टिफिकेटाचा सीरियल नंबर आणि तारखा पाहिल्या, नव्याच होत्या. ब्राउझरमध्ये बघून समाधान मानू नका, पानं कॅशमधून येतात आणि आपण फसतो.

साडेअकरा वाजले होते. आता रद्द करायचं.

रद्द करण्याची विनंती दोन प्रकारे करता येते: खात्याच्या किल्लीने सही करून किंवा त्या सर्टिफिकेटाच्याच किल्लीने. खातं तर मी बंद करून बसलो होतो, म्हणून दुसरा मार्ग. ‘सर्टबॉट रिव्होक’ला ‘सर्ट-पाथ’ म्हणून आर्काइव्हमधलं सातवं सर्टिफिकेट दिलं, ‘की-पाथ’ म्हणून सातवी किल्ली, आणि ‘रीझन’ म्हणून ‘की-कॉम्प्रमाइज’. कारण न लिहिता मोकळं सोडलं तर ते ‘अनस्पेसिफाइड’ धरलं जातं. बाकीची कारणं म्हणजे नवं घेतलं म्हणून जुनं नको, कामकाजच बंद केलं, संस्थेशी संबंध बदलला, अशी. किल्ली बाहेर गेली असेल तर तसंच लिहावं, लाजू नये. सर्टिफिकेटाच्या किल्लीने सही करून हे कारण दिलं की लेट्स एन्क्रिप्ट ती किल्लीच काळ्या यादीत टाकतं आणि तिच्यावर पुन्हा सर्टिफिकेट देत नाही.

एंटर दाबल्यावर सर्टबॉटने एक प्रश्न विचारला. सारांश असा: आत्ता रद्द केलेलं सर्टिफिकेट, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या आवृत्त्यांसकट, काढून टाकू का? हो किंवा नाही. ‘हो’च्या पुढे कंसात लिहिलेलं की हा पर्याय सुचवला जातो.

मी ‘हो’ दाबलं. ‘नंतरच्या’ हा शब्द वाचला होता, पण तो डोक्यात शिरेपर्यंत बोट खाली गेलं होतं. पाठोपाठ अभिनंदनाची ओळ आली, की तुम्ही सर्टिफिकेट यशस्वीपणे रद्द केलं आहे.

दोष सर्टबॉटचा नाही. त्याच्या लेखी एक नाव म्हणजे एक घराणं, आणि ‘काढून टाका’ म्हटलं की तो लाइव्ह, आर्काइव्ह, रिन्यूअल तिन्हीकडून घराणं निर्वंश करतो. पंधरा मिनिटांपूर्वी घेतलेलं आठवं त्यातच गेलं. रद्द करणं म्हणजे जगाला सांगणं की यावर विश्वास ठेवू नका. काढून टाकणं म्हणजे फक्त आपल्या डिस्कवरून पुसणं. दोन्ही कामं एकाच कमांडच्या शेपटीला बांधलेली असली तरी त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आठवं सर्टिफिकेट जगाच्या दृष्टीने ठणठणीत होतं, पण त्याची किल्ली आता माझ्या कुठल्याच फाइलीत नव्हती.

साइट चालूच होती, त्यामुळे मला आधी कळलंच नाही. एनजिनएक्स सुरू होताना सर्टिफिकेट मेमरीत घेतो आणि पुढच्या रीलोडपर्यंत डिस्ककडे वळूनही बघत नाही. भांडं फोडलं ते पोस्टफिक्सने. त्याच्या मेल घेणाऱ्या प्रक्रिया अल्पायुषी असतात, प्रत्येक नवी प्रक्रिया फाइल वाचायला जाते. मेलच्या लॉगमध्ये इशारे सुरू झाले: सर्टिफिकेटची फाइल मिळत नाही, टीएलएस बंद करतोय. मी ‘एनजिनएक्स टी’ने कॉन्फिगरेशन तपासलं तर तिथेही लाल, फाइल सापडत नाही.

त्या क्षणी सगळ्यात मोठा मोह असतो सर्व्हर रीस्टार्ट करण्याचा. केला असता तर साइटही गेली असती. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. तो आधी मनसोक्त हसला. “अरे, शिफारस होती म्हणून दाबलंस? कशालाही हात लावू नकोस. एनजिनएक्स चालतोय ना? मग पोर्ट ८०, साधं एचटीटीपी, पण चालतंय.”

त्याचा मुद्दा पुढच्याच मिनिटाला पटला. मी नेहमीच्या सवयीने सर्टबॉटला एनजिनएक्स प्लगइनमधून सर्टिफिकेट आणायला सांगितलं, तर त्याने नकार दिला. ते प्लगइन आधी एनजिनएक्सचं कॉन्फिगरेशन तपासतं, आणि ते सर्टिफिकेट नसल्यामुळे मोडलेलं होतं. सर्टिफिकेट आणायला कॉन्फिगरेशन धड हवं, कॉन्फिगरेशन धड व्हायला सर्टिफिकेट हवं. सुटका वेबरूट पद्धतीत होती. तिच्यात सर्टबॉट वेब सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनला हात लावत नाही, नुसती एक पडताळणीची फाइल साइटच्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि लेट्स एन्क्रिप्ट ती पोर्ट ८० वर येऊन वाचतं. मेमरीतल्या कॉन्फिगरेशनवर चालणारा एनजिनएक्स ती फाइल आनंदाने वाढत होता. ‘सर्टओन्ली’ आणि ‘वेबरूट’, जुनंच नाव, आणि सर्टिफिकेट आलं. अनुक्रमांक पुन्हा १. एनजिनएक्स आपोआप बंद पडला असता तर आधी स्वतः सही केलेलं तात्पुरतं सर्टिफिकेट बनवून त्या जागी ठेवावं लागलं असतं. तोही मार्ग लक्षात असू द्या.

हा गोंधळ पंचेचाळीस मिनिटं चालला. नावांच्या त्याच संचासाठी आठवड्यात पाचच सर्टिफिकेटं मिळतात आणि जुनं रद्द केल्याने त्या मोजणीत सूट मिळत नाही. माझी दोन खर्च झाली होती. घाबरून पाच वेळा प्रयत्न केले असते तर पुढचं निस्तरणं कठीण होतं. प्रयोग करायचे असतील तर ‘ड्राय-रन’, म्हणजे खरं सर्टिफिकेट न घेता नुसती तालीम, वापरा.

सहावं अजून बाकी होतं. त्याची फाइल आणि किल्ली मीच सकाळी पुसून बसलो होतो. पण ती टार फाइल होती ना! जिच्यामुळे हे सगळं झालं, तिच्यातूनच सहावं सर्टिफिकेट आणि किल्ली काढली, आणि रद्द केलं. या वेळी ‘नो-डिलीट-आफ्टर-रिव्होक’ हा पर्याय आधीच जोडून, म्हणजे प्रश्नच यायला नको. नऊच दिवस उरले होते, सोडून दिलं असतं तरी चाललं असतं असं कुणी म्हणेल. नऊ दिवस पुष्कळ असतात.

फोटोंच्या उपडोमेनचं काम मग चहा संपायच्या आत झालं: आधी एनजिनएक्सच्या चालू साइटींतून त्याचा दुवा काढला, ‘एनजिनएक्स टी’ हिरवं आल्यावर रीलोड, आणि शेवटी ‘सर्टबॉट डिलीट’ला ते नाव. याच क्रमाने. फाइली हाताने ‘आरएम’ने उडवू नका, रिन्यूअलची फाइल मागे राहते आणि सर्टबॉट रोज तिच्या नावाने रडत राहतो. एखाद्या साइटीवरून एचटीटीपीएस कायमचंच काढणार असाल तर एचएसटीएसचं हेडर, म्हणजे ‘यापुढे फक्त एचटीटीपीएसनेच या’ असा ब्राउझरला निरोप, पूर्वी पाठवलंत का ते बघा. पाठवलं असेल तर लोकांचे ब्राउझर त्यात सांगितलेल्या मुदतीपर्यंत साध्या एचटीटीपीवर यायला तयारच होणार नाहीत.

रविवारी रद्द झालेलं खरंच रद्द दिसतंय का ते पाहायला बसलो आणि थोडा हिरमोड झाला. पूर्वी ओसीएसपी नावाच्या सोयीने एखाद्या सर्टिफिकेटाची स्थिती थेट विचारता यायची. लेट्स एन्क्रिप्टने ते सर्व्हर ६ ऑगस्ट २०२५ ला बंद केले. आता रद्द सर्टिफिकेटांच्या याद्या असतात, सीआरएल. कुठली यादी पाहायची तिचा पत्ता सर्टिफिकेटातच लिहिलेला असतो. ती उतरवून ओपनएसएसएलने उलगडली आणि माझ्या दोन्ही सर्टिफिकेटांचे सीरियल नंबर शोधले. दोन्ही सापडले, पुढे कारणासकट. पण याद्या कोण बघतो? लेट्स एन्क्रिप्टने चाचणीसाठी मुद्दाम रद्द सर्टिफिकेट लावलेली एक साइट ठेवली आहे. ती फायरफॉक्सने अडवली. कर्ल या टर्मिनलवरून पानं आणणाऱ्या प्रोग्रॅमने मात्र पान निमूट आणून दिलं, कारण सांगितल्याशिवाय तो याद्या तपासत नाही. म्हणजे रद्द करूनही दार शंभर टक्के बंद होत नाही. ९० दिवसांची छोटी मुदत मला आधी कटकट वाटायची. आता ती कमी झाली तरी तक्रार करणार नाही.

टायमर पुन्हा सुरू केला, नूतनीकरणाचा ड्राय-रन केला, आणि नूतनीकरणानंतर चालणाऱ्या हुकांच्या फोल्डरमध्ये पोस्टफिक्स व डव्हकॉट रीलोड करणारी दोन ओळींची स्क्रिप्ट टाकली. टारमध्ये डेटाबेसचे आणि इतर पासवर्डही होते. ते बदलण्यात रविवारची दुपार गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

१० डिसेंबरला नूतनीकरण आपोआप झालं की नाही हे पाहायला लॉग उघडला. झालं होतं. शेजारी अ‍ॅक्सेस लॉगही उघडाच होता. ती बॅकअप फाइल अजून कुणीतरी मागतंय, दर दोनतीन दिवसांनी, वेगवेगळ्या पत्त्यांवरून. ४०४.